उघडण्याआधी खरं सांगा

रोहा स्टेशनवरून बाजाराकडे चालत आलात की डाव्या हाताला सुलेमानशेठची दुमजली इमारत लागते. तिच्या खालच्या गाळ्यात नूतन घरत बसते. लॅपटॉपची दुरुस्ती. पेणपासून कोलाडपर्यंत तिच्यासारखा हात नाही, हे तिचे वैरीसुद्धा कबूल करतील, आणि वैरी काही कमी नाहीत. बाईच्या हाताला जेवढा हलकेपणा, तेवढं जिभेला विष. देवाने एकाच माणसाला दोन्ही कशाला दिलं, असं रोह्यात पुष्कळांनी तिच्या पायऱ्या उतरताना मनातल्या मनात म्हटलेलं आहे.

तिची एक पद्धत होती. तुम्ही लॅपटॉप टेबलावर ठेवलात की ती त्याच्याकडे बघायचीच नाही. आधी तुमच्याकडे बघायची. मग विचारायची, "काय केलंत?"

माणूस म्हणायचा, "काही नाही हो, आपोआप बंद पडला."

"आपोआप फक्त केस पांढरे होतात. उघडण्याआधी खरं सांगा, नाहीतर उचला आणि पेणला जा."

आता हे विचारणं चुकीचं नव्हतं, बरं का. आत चहा गेला असेल तर चालू करायचं बटण दाबायचंच नसतं, आधी बॅटरीची जोडणी काढायची असते. पडला असेल तर बिजागरीजवळची पट्टी आधी बघायची असते. कुणी घरी स्वतःच पेचकस घातला असेल तर कुठला स्क्रू कुठे लावला हे त्यालाच ठाऊक. लांब स्क्रू आखूड भोकात गेला की खालच्या बोर्डातून आरपार जातो आणि मशीन कायमचं गेलं. डॉक्टर विचारतो ना, काय खाल्लं होतंत, तसंच हे. पण डॉक्टर तुमचं उत्तर ऐकून बाहेरच्या बाकावरच्या पेशंटांना बोलावून सांगत नाही. नूतन सांगायची.

पेणहून एक मूर्तीचे कारखानदार आले होते. चांगला पन्नाशीचा, अंगात पांढरा शर्ट घातलेला माणूस. त्यांनी कबूल केलं की पंख्यातला धुरळा काढायला मूर्ती रंगवायचा कॉम्प्रेसर लावला. नूतनने खालचं झाकण काढलं तर पंख्याच्या पात्यांवर पितांबराचा पिवळा रंग बसलेला. बाईने काय करावं? दुकानातल्या चार जणांना जवळ बोलावलं आणि म्हणाली, "या, दर्शन घ्या. पेणच्या शेटनी लॅपटॉपला पितांबर नेसवलंय. फक्त सोंड काढायची राहिली." माणसं हसली. कारखानदार पण हसले, तोंड दाखवायला. तो लॅपटॉप तिने असा दुरुस्त केला की कंपनीने केला नसता. पण ते गृहस्थ त्यानंतर रोह्याच्या बाजारात आले तरी समोरच्या फुटपाथने जायचे.

असं तोंड घेऊन कुणी जन्माला येत नाही. ती ते पेणला शिकली होती, दाजी म्हणून एकाच्या लॅपटॉपच्या दुकानात. मूळची ती पेणजवळच्या गडब गावची. बारावीनंतर कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि दाजींकडे लागली. नऊ वर्षं तिने पडद्यामागे बसून लॅपटॉप उघडले आणि मिटले. दाजी बाहेर गिऱ्हाइकाला सांगायचे, "आमचा इंजिनियर बघतोय." आमचा. बघतोय. एकदा ती काहीतरी विचारायला पडद्याबाहेर आली, तर गिऱ्हाईक म्हणालं, "ताई, दोन चहा सांगा," आणि दाजी म्हणाले, "सांग गो." तिने सांगितला. पहिल्याच वर्षी तिच्या हातून तो लांब स्क्रूचा घोळ झाला होता, एक बोर्ड गेला. दाजींनी तो स्क्रू दोऱ्याला बांधून तिच्या टेबलावर, बरोबर डोळ्यांसमोर टांगला. तीन वर्षं. येणारा-जाणारा विचारायचा, हे काय? दाजी पहिल्यापासून सगळं सांगायचे, आणि दर वेळी थोडं वाढवून.

तेव्हापासून ती कॅलेंडरच्या पानामागे लॅपटॉपची आकृती काढायची आणि काढलेला एकेक स्क्रू त्या जागी चिकटपट्टीने लावून ठेवायची. पुन्हा कधी चुकली नाही. पण दाजींनी शिकवलेली दुसरी गोष्टही तिच्या अंगात भिनली, की चूक करणाऱ्याला चारचौघांत उभा केला म्हणजे आपण उंच दिसतो.

रोह्याचा गाळा घेतला तेव्हा तिने पाटीवर आपलं नाव लिहून घेतलं. नूतन लॅपटॉप सर्व्हिस. नवरा आदेश धाटावच्या कंपनीत शिफ्टला जायचा. तो म्हणाला, नाव कशाला, 'ओम' घाल, 'साई' घाल. ती म्हणाली, "ओमने नऊ वर्षं पडद्यामागं काढलीत का?"

सुलेमानशेठ कुवेतला अठरा वर्षं राहून आलेला माणूस. आवाज इतका मऊ की आपण कान पुढे करावा. त्यांची आई नूरबानो वरच्या मजल्यावर बिछान्यावर असायची. छाती पार निकामी झालेली, जरा धूर लागला की जीव घाबरा व्हायचा. वर जायचा जिना गाळ्याच्या मागच्या बाजूला, अंगणाच्या दाराला लागून. आणि मागच्या वर्षी एका गिऱ्हाइकाने न सांगता ठेवून दिलेली फुगलेली बॅटरी फुटली. जास्त नाही, मूठभर धूर. पण तो सरळ जिन्याने वर गेला. नूरबानोला दोन रात्री ऑक्सिजन लावावा लागला.

सुलेमानशेठ खाली आले, खुर्चीत बसले, चहा घेतला. मग म्हणाले, "नूतनबाय, कुवेतला आमच्या खोल्यांना आग लागलेली. मी तिथं होतो. एकदा झालं, मी समजू शकतो. परत धूर वर आला, तर दुसऱ्या दिवशी किल्ली माझ्या हातात. मी भांडायला येणार नाय. नुसती किल्ली घ्यायला येईन."

असा माणूस शब्द फिरवत नाही, हे नूतनला कळत होतं. गाळा गेला तर रोह्यात दुसरा कोण देणार? लॅपटॉपवालीच्या दुकानात स्फोट होतात, हे तोवर कोलाडपर्यंत पोचलेलं असणार. म्हणजे मग पुन्हा पेण, पुन्हा दाजी, पुन्हा 'आमचा इंजिनियर'. ती रात्रभर जागी राहिली वगैरे नाही, चांगली झोपली, पण सकाळी उठून तिने नियम केले. मागच्या अंगणात कुंडलिका नदीतल्या रेतीची टाकी ठेवली. बॅटरी फुगलेली दिसली, की लॅपटॉप मिटायचा आणि अंगणात न्यायचा. आणि सगळ्यात मोठा नियम असा, की झाकण बोटभर उचलल्यावर नखं रंगवायच्या पॉलिशसारखा गोडसर वास आला तर पुढं हात लावायचाच नाही. तसंच उचलून, न हलवता, अंगणात, रेतीत. हे सगळं तिने सुलेमानशेठना नेऊन दाखवलं, वासाचंही नीट समजावलं. त्यांनी मान हलवली. त्यांना बरं वाटलं.

पण एक गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही. लोकांनी खरं सांगितलं तरच हा गाळा वाचणार होता, आणि खरं सांगणाऱ्या प्रत्येक माणसाची ती साल काढत होती. एवढी अक्कल असलेली बाई, पण हे काही तिला दिसलं नाही. तुम्हाला दिसतंय, मला दिसतंय, पण आपण तिच्या खुर्चीत नव्हतो.

आता गिरजाबाईंचं सांगतो. गडबला नूतनच्या माहेरच्या आळीत शेवटचं घर त्यांचं. नूतन त्यांना गिरजाकाकी म्हणायची. साठीला टेकलेली बाई, काळीसावळी, हाडापेराने मजबूत, पोह्याचे पापड लाटणाऱ्या अकरा बायकांच्या बचत गटाची पुढारीण. पुढारीण म्हणजे काय, पीठ जास्त कुटायचं आणि शिव्या कमी द्यायच्या. गटाला एका योजनेतून लॅपटॉप मिळाला होता. त्यात ऑर्डरी लिहायच्या, कुणाला किती किलो, कुठल्या तारखेला. बाकीच्या बायका त्याला हात लावायला भ्यायच्या. गिरजाबाई एका बोटाने का होईना, पण लिहायच्या. त्यांना त्याचा अभिमान होता. सातवीपर्यंत शिकलेल्या बाईला असावाच.

वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत आपल्याकडे टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालतात की नाही? तसंच गिरजाबाईंनी लॅपटॉपला जाड प्लॅस्टिकचं आवरण शिवलं. पिठाची धूळ उडते, पापडखार उडतो, आत जायला नको. खालून, बाजूंनी, सगळीकडून बंद. हवा आत जाईना, गरम हवा बाहेर येईना. सहा महिने ते यंत्र आतल्या आत शिजलं आणि एके दिवशी बंद पडलं. पेण जवळ होतं, पण गिरजाबाई एसटीने नागोठणं करून रोह्याला आल्या. आपल्या गावची पोर आहे म्हणून.

"काय केलंत काकी?" नूतनने विचारलं.

गिरजाबाईंनी सगळं खरं सांगितलं. शिवलेलं प्लॅस्टिकसुद्धा पिशवीतून काढून दाखवलं. टाके बारीक, सरळ होते. त्यांना वाटलं असावं, पोर म्हणेल, काकी, शिवलंय मात्र छान.

नूतनने ते प्लॅस्टिक उचलून दुकानातल्या लोकांपुढे धरलं. "हे बघा, आमच्या गडबची फॅशन. लॅपटॉपला रेनकोट. काकी, आता छत्री पण शिवा. नाहीतर सरळ पापडासारखा उन्हातच घाला, वाळला की तळून खाऊ." पाच माणसं होती. पाचही हसली. एक कॉलेजची मुलगी तर तोंडावर ओढणी धरून हसली. गिरजाबाईंनी ते प्लॅस्टिक परत मागून घेतलं, घडी घातली आणि पिशवीत ठेवलं. नूतनने पंखा साफ केला, थंड ठेवणारी नवी पेस्ट लावली, तासाभरात यंत्र चालू करून दिलं. बॅटरी त्या उष्णतेने आतून खराब व्हायला लागलीय, हे त्या दिवशी दिसण्यासारखं नव्हतं. ती तिची चूक म्हणता येणार नाही.

तीन महिन्यांनी बॅटरी फुगली. लॅपटॉपची खालची बाजू उचलली गेली, बोट फिरवायची चौकट वर आली, झाकण मिटेना. आणि आता जे झालं ते नूतनला नंतर कळलं, पण तुम्ही आत्ताच ऐका, म्हणजे पुढं चुकचुकत बसाल. वाळत घातलेला पापड कडेने वर आला, वाकडा झाला, की आमच्याकडे बायका काय करतात? पापडांची चळत करतात, वर फडकं घालतात आणि त्यावर पाटा ठेवतात. सकाळी सगळे पापड सपाट. गिरजाबाईंनी लॅपटॉप फडक्यात गुंडाळला आणि त्यावर वाटायचा दगडी पाटा ठेवला. दोन रात्री. तिसऱ्या दिवशी यंत्र बऱ्यापैकी सपाट झालं होतं. चालू मात्र होत नव्हतं.

पुन्हा एसटी. या वेळी वाटेत त्यांनी ठरवून टाकलं होतं.

"काय केलंत काकी?"

"काय नाय गो. बंद पडला."

दुकानात तिघं होते. एक बँकेतले गृहस्थ, एक नवरा-बायको. नूतनने खुर्ची मागे सरकवली. अशा वेळी तिला रंग चढायचा. "काय नाय? आपोआप? प्लॅस्टिक परत घातलंत?"

"नाय."

"पीठ सांडलं?"

"नाय गो बाय. खरंच काय नाय."

"पोळपाट धुतलात वर? मिरगुंडं लाटलीत?"

"काय नाय केलं." गिरजाबाई टेबलाच्या कडेकडे बघत बोलत होत्या.

"बघा हं," नूतन त्या तिघांना म्हणाली, "काकी खोटं बोलतायत आणि मी सांगते काय निघणार ते. अर्धा किलो पोह्याचं पीठ. पैज लावा. हिंगासकट." नवरा-बायको हसले. बँकवाले मोबाइल खाली ठेवून बघायला लागले.

तिने यंत्र उलटं केलं. चार्जर नव्हताच. बटण दाबून धरून उरलीसुरली वीज घालवली, अंगातली वीज उतरवायला टेबलाच्या लोखंडी पायाला हात लावला, कॅलेंडरचं पान ओढलं. दहा स्क्रू काढले, दहाही आपापल्या जागी चिकटवले. तोंड चालूच होतं आणि हात आपलं काम करत होते. प्लॅस्टिकची पाती कडेने फिरवत तिने झाकण बोटभर उचललं.

वास आला. गोडसर, नाकात टोचणारा.

तिचा हात थांबला. नाकपुड्या आक्रसल्या. समोर गिरजाबाई बसल्या होत्या, हातभर अंतरावर, आणि त्यांनी ते बघितलं. दोघींची नजरानजर झाली. आता काय करायचं हे नूतनला माहीत होतं, दुसऱ्या कुणालाही नाही इतकं माहीत होतं. पान बाजूला, यंत्र तसंच उचलायचं, न हलवता मागच्या दाराने अंगणात. दहा पावलं.

"काय, निघालं का पीठ?" बँकवाल्यांनी विचारलं.

बस. तेवढंच. पैज लावून बसलेली बाई, तीन माणसं मान लांब करून बघतायत, आणि आता उठून म्हणायचं की थांबा हो, माझा अंदाज चुकला? ते तिला जमलं नाही. तिला वाटलं, जोडणी काढते, बॅटरी उचलते, एक मिनिटाचं काम आहे, मग नेते बाहेर. असल्या एका मिनिटाने माणसं देशोधडीला लागलीत.

तिने झाकण पूर्ण काढलं. बॅटरीच्या कडा चेंगरलेल्या होत्या, वरचं आवरण सुरकुतलेलं. जोडणी सुटली. बॅटरी तळाला घट्ट चिकटून बसली होती. नूतनने प्लॅस्टिकची पाती तिच्याखाली सरकवली आणि म्हणाली, "हा बघा निघाला काकींचा पापड," आणि पाती जराशी उचलली.

आधी फुस्स असा आवाज झाला, नंतर धूर. पांढरा, दाट, घशात अडकणारा. मग ज्वाळा. नूतनने उघड्या हाताने लॅपटॉपचं दुसरं टोक धरलं आणि मागच्या दाराकडे पळाली. दुसरा मार्गच नव्हता. पण मागच्या दाराजवळच जिना, आणि पेटलेलं यंत्र घेऊन ती जिन्याच्या तोंडावरून गेली. रेतीत टाकेपर्यंत सगळा धूर जिन्यात शिरला होता. तिचा तळहात भाजला होता, तिला ते कळलंसुद्धा नाही. तिला फक्त वरून येणारा खोकला ऐकू येत होता.

ती अंगणात उभी राहिली. खरं ते सांगायला हवं. पाय हलले नाहीत तिचे. वर गेल्या त्या गिरजाबाई. पदर नाकाला बांधून, साठीची बाई, एकेक पायरी गाळत. सुलेमानशेठ आईला उचलायला बघत होते, त्यांना एकट्याला झेपत नव्हतं. गिरजाबाईंनी पायाकडून उचललं. कुटायची सवय असलेले हात. दोघांनी म्हातारीला खाली आणलं आणि रस्त्यावर, समोरच्या दुकानदाराने ठेवलेल्या खुर्चीत बसवलं. नूरबानोचे ओठ निळे पडले होते. रिक्षा बोलवायला कुणीतरी धावलं.

रिक्षा येईस्तोवरची ती पाच मिनिटं. माणसं जमली होती. सुलेमानशेठ आईचा हात धरून उभे होते, आणि त्यांनी गिरजाबाईंकडे बघितलं. आवाज नेहमीसारखाच मऊ.

"बाय, लॅपटॉप तुमचा ना? काय झालेलं त्याला?"

गिरजाबाईंनी एका दमात सगळं सांगितलं. फुगला ते सांगितलं, पाटा ठेवला ते सांगितलं, दोन रात्री ठेवला ते सांगितलं. "मला वाटलं, पापड बसतो तसा बसेल. मला काय ठाऊक, शेट." त्यांनी काहीच लपवलं नाही. सांगताना त्या रडल्या नाहीत. विचारणाऱ्याने नीट विचारलं, त्यांनी नीट सांगितलं, इतकं सोपं होतं ते. नूतन दोन हातांच्या अंतरावर उभी राहून ऐकत होती.

मग सुलेमानशेठ तिच्याकडे वळले.

"नूतनबाय, उघडताना तुम्हाला काय कळलं नाय? वास वगैरे?"

वासाचं त्यांना सगळं माहीत होतं. तिनेच तर समजावलं होतं, बोटभर झाकण, गोडसर वास, मग हात लावायचा नाही. ते तिला वाचण्याची एक संधी देत होते आणि खड्ड्यात जाण्याचीही, आणि दोन्हींसाठी एकच उत्तर पुरेसं होतं. गाळ्याच्या वर तिच्या नावाची पाटी होती. तिच्या डोळ्यांपुढे पेणचं ते टेबल आलं.

"नाय," नूतन म्हणाली. "काय कळलं नाय मला. वास आला असता तर मी उघडला असता का?"

गिरजाबाईंनी मान वर केली आणि तिच्याकडे पाहिलं. हातभर अंतरावरून त्यांनी त्या नाकपुड्या बघितल्या होत्या. थांबलेला हात बघितला होता. एक शब्द बोलल्या असत्या तर किल्ली गेली असती, आणि त्यांनी बोलावं एवढं त्यांच्या वाट्याला काय कमी आलं होतं? ते हसणं, तो रेनकोट, ती पैज. नूतनला वाटलं, आता बोलणार. तिने आपणहून कबूल करायला तोंड उघडलं का? नाही. ती वाट बघत राहिली.

"तिला कुठून कळणार, शेट," गिरजाबाई म्हणाल्या. "मी पार सपाट करून आणलेला. वर मी तिला खोटं सांगितलं. तिनं तीनदा विचारलं, मी तीनदा खोटं बोलले. तिची काय चूक नाय."

सुलेमानशेठ गिरजाबाईंना म्हणाले, "तुम्ही अम्मीला खाली आणलंत, ते मी विसरणार नाय. पण या इमारतीत परत पाऊल टाकू नका. हात जोडतो." आणि त्यांनी खरोखर हात जोडले. नूतनला म्हणाले, "हाताला औषध लावा. वाईट भाजलाय."

रिक्षा आली. म्हातारी गेली. माणसं पांगली. गिरजाबाईंनी पायरीवरून आपली कापडी पिशवी उचलली. रिकामीच होती, आत फक्त एसटीचं तिकीट. नूतन म्हणाली, "काकी..." ज्या बाईची जीभ कधी अडली नाही तिची त्या दिवशी अडली, आणि त्याच दिवशी ती सुटायला हवी होती.

"राहू दे गो," गिरजाबाई म्हणाल्या. "घाबरलं की माणूस बोलतो खोटं. मला म्हाईत नाय काय ते?" आणि त्या एसटी स्टँडकडे चालायला लागल्या.

नूरबानो नवव्या दिवशी दवाखान्यातून घरी आल्या, ऑक्सिजनचं मशीन घेऊन. ते मशीन वर रात्रंदिवस गुरगुरत असतं, खाली टेबलाशी ऐकू येतं. नूतनच्या उजव्या तळहातावर चामडी आवळून आलीय, बारीक स्क्रू चिमटीत धरताना आता वेळ लागतो. गाळा राहिला. पाटी राहिली. त्यानंतर तिने सुलेमानशेठना दोनदा सांगायचं ठरवलं. दोन्ही वेळेला जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून परत आली. आदेशला सांगितलं. त्या दिवशी त्याने जेवताना तिच्याकडे बघितलं नाही.

गडबला जायचं तिने टाळलं. भाचीचं बारसं होतं, हाताचं निमित्त सांगितलं.

आणि गेल्या महिन्यात मृणाली म्हणून एक पोरगी दुकानात आली. पोह्यांच्या पापडांच्या त्याच गटाची नवी पुढारीण, पंचविशीची, चटपटीत. गटाने दुसरा लॅपटॉप मिळवला होता, त्यात मराठी टाइप होईना. नूतनने विचारलं, "गिरजाकाकी कशा आहेत?"

"त्या?" मृणाली म्हणाली. "त्या नाय आता गटात. योजनेतला लॅपटॉप जाळला म्हणून वरून चौकशी आली, सगळ्या बायकांनी सही करून काढलं त्यांना. पिठालापण हात लावू देत नाय कोण. वडखळच्या नाक्यावर काकड्या घेऊन बसतात. परवा मी गाडीतून बघितलं, उन्हात बसलेल्या." मग तिने दुकानात इकडेतिकडे बघितलं. बाकावर दोघं बसले होते. हे दुकान हसायचं आहे, असं तिने ऐकलं असणार, कारण तिचा आवाज चढला. "आमच्याकडे सगळे त्यांना पाटाकाकी म्हणतात. पोरं रस्त्यात विचारतात, पाटाकाकी, माझा मोबाइल फुगलाय, देता काय दाबून? त्या काय बोलत नाय. खाली मान घालून जातात."

बाकावरचे दोघं खो-खो हसले. हसता हसता नूतनकडे बघायला लागले, कारण असल्या गोष्टीवर शेवटचा टोला तिचा असतो हे रोह्यात सगळ्यांना माहीत होतं. मृणालीही बघत होती. वर मशीन गुरगुरत होतं.

नूतन हसली. त्या तिघांपेक्षा मोठ्याने हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, कारण ती हसली नसती तर कुणीतरी विचारलं असतं, ताई, तुम्ही का नाय हसत?